ट्रेंटने काय ठरवलं आणि काय नाही

प्रिय दिलीप,
सप्रेम नमस्कार.

तुझा प्रश्न रास्त आहे. सोळाव्या शतकात इटलीतल्या ट्रेंटला भरलेल्या कॅथलिक बिशपांच्या धर्मपरिषदेने मिस्सा, म्हणजे ख्रिस्तप्रसादाची उपासना, लॅटिनमध्ये ठेवली, चारशे वर्षांनी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषेला वाट करून दिली, आणि आज आम्ही वसईत मराठीतून मिस्सा ऐकतो. मग परिषदेचा निर्णय कायमचा, या म्हणण्यात उरलं काय?

परिषदेची प्रत्येक ओळ सारख्या वजनाची नसते, दिलीप. 17 सप्टेंबर 1562 ची बैठकच घे. भाषेविषयी बिशप एवढंच म्हणाले, की सगळीकडे लोकभाषेत मिस्सा करणं इष्ट दिसत नाही. धिक्कार केला तो ‘ती लोकभाषेतच झाली पाहिजे’ या मताचा. लोकभाषेतली मिस्सा खोटी, असं कुठेही म्हटलेलं नाही. उलट तिथेच धर्मगुरूंना बजावलं आहे, की मिस्सेत जे वाचलं जातं त्यातलं काही लोकांना वरचेवर, विशेषतः रविवारी आणि सणांना, उलगडून सांगा. म्हणजे लोकांना कळावं ही कळकळ तेव्हाही होतीच. 4 डिसेंबर 1963 ला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा उपासनेविषयीचा दस्तऐवज जाहीर झाला, त्याने भाषेचा नियम सैल केला. पण 1562 च्या त्याच दिवशी ट्रेंटने असंही ठरवलं, की मिस्सा हे खरंखुरं अर्पण आहे, नुसती आठवण नव्हे. ते नियम म्हणून नव्हे, श्रद्धेचा सिद्धांत म्हणून सांगितलं. त्याला 1963 ने हात लावला नाही, कुठलीही परिषद लावू शकत नाही.

बहुमताने सत्य ठरतं का, हेही तू विचारतोस. नाही ठरत. 325 मध्ये नायसियाच्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझनिकच्या, परिषदेत पुत्र येशू आणि पिता देव एकाच तत्त्वाचे आहेत असं जाहीर झालं. पुढे 359 मध्ये इटलीतल्या रिमिनीला चारशेहून अधिक बिशप जमले, नायसियापेक्षा जास्त. सम्राट कॉन्स्टँशियसच्या दडपणाखाली त्यांनी ती कबुली गाळलेल्या मसुद्यावर सह्या केल्या. पोप लिबेरियस यांनी तो मसुदा मानला नाही. नायसियाच्या निर्णयासाठी अलेक्झांड्रियाचा बिशप अथानासियस याने पाच वेळा हद्दपारी सोसली, आयुष्याची सतरा वर्षं त्यात गेली. रिमिनीचा मसुदा आज कुठल्या चर्चमध्ये म्हणतात? नायसियाचा विश्वासांगीकार, म्हणजे श्रद्धेची कबुली, मात्र आम्ही अजून उभं राहून म्हणतो. पवित्र आत्मा ख्रिस्तसभेला वाऱ्यावर सोडत नाही, ही माझी श्रद्धा आहे, आणि रिमिनीची हकिकत वाचली की ती पक्की होते.

कायमचा म्हणजे गोठलेला, असं मात्र समजू नकोस. माणूस देवापुढे नीतिमान कसा ठरतो, यावर ट्रेंटने 13 जानेवारी 1547 ला सोळा प्रकरणांचा आणि तेहतीस निषेधकलमांचा निर्णय दिला. रोख प्रोटेस्टंट सुधारक मार्टिन ल्यूथरच्या शिकवणुकीवर होता. 31 ऑक्टोबर 1999 ला ऑग्सबुर्गमध्ये कॅथलिक आणि ल्यूथरन प्रतिनिधींनी याच विषयावरच्या संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. तिच्यात ल्यूथरन शिकवण ज्या रीतीने मांडली आहे, तिला ट्रेंटचा निषेध लागू पडत नाही, असं दोघांनी मान्य केलं. तेहतिसांपैकी एकही कलम खोडलं नाही. कुठलं मत नाकारलं होतं, ते नीट तपासलं, एवढंच. मला हे फार मोठं काम वाटतं. एकमेकांवर शस्त्रं उचललेल्या दोन घराण्यांनी जुना शब्द न मोडता सलोखा साधला. श्रद्धेचा ठेवा वेगळा आणि तो मांडण्याची रीत वेगळी, हे पोप जॉन तेविसावे यांनी 11 ऑक्टोबर 1962 ला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या उद्घाटनाच्या भाषणातच सांगितलं होतं.

म्हणूनच दुसऱ्या व्हॅटिकनने सगळं बदललं असं कुणी हळहळून म्हणालं किंवा आनंदाने म्हणालं, तरी मला वाईट वाटतं. दोघांनीही ट्रेंटचे निर्णय उघडून पाहिलेले नसतात.

1870 च्या, पोपच्या अचूकतेच्या सिद्धांताबद्दल तू शेवटी लिहिलं आहेस. तो विषय या पत्रात घाईने उरकायला नको. त्यात तुला नेमकं काय खटकतं ते आधी कळव, मग सविस्तर लिहितो.

तुझा,
पास्कल