ईस्टर: मुलांच्या कार्यक्रमाची सूचना

मंडळीतील सर्व पालकांस,
येत्या ईस्टरच्या पहाटे ५:३० ला आवारात उपासना आहे. ती संपताच ४ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी लपवलेल्या काडेपेट्यांची शोधाशोध. त्यासाठी शनिवारी घरी एवढे करावे:

१. प्रत्येक कुटुंबाने सहा रिकाम्या काडेपेट्या, त्यांवर १ ते ६ आकडे घालून आणाव्यात. आत क्रमाने येशूच्या दुःखसहनाच्या व कबरेच्या खुणा घाला: नाणे, काटा, खिळा, पांढरे कापड, खडा. सहावी रिकामीच ठेवा. तिच्यात चॉकलेट घालू नये, "यात काहीच नाही!" असे मूल ओरडेल तेव्हाच मार्क १६:६ (रिकाम्या कबरेचे वचन) वाचायचे आहे.

२. अंडी शक्यतो पांढरी घ्या, गावठी तपकिरी अंड्यांवर रंग अधिक गडद येतो. फ्रिजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवा. थंडगार अंडे उकळत्या पाण्यात तडकते. १० मिनिटे उकडा. ८-१० कांद्यांची साल १ लिटर पाण्यात अर्धा तास उकळून गाळा, निवल्यावर २ चमचे व्हिनेगर घाला, अंडी तासभर बुडवा. विटकरी लाल रंग येतो. कपिलतीर्थ मंडईत कांदेवाल्याकडे साल मागून बघा. अंडी ओली असताना पुसू नका, डाग पडतात.

३. रंगवलेली अंडी फ्रिजमध्ये ठेवून रविवारी आणा. ती लपवायची नाहीत, न्याहारीला खायची आहेत. कोल्हापूरच्या उन्हाळ्यात तासाभराहून जास्त बाहेर राहिलेले अंडे मुलांना देऊ नये.

काडेपेट्या शनिवारी संध्याकाळी ६ पर्यंत रविवार शाळेच्या खोलीत द्याव्यात. काड्या घरीच काढून ठेवा.