गेटसमोरचं ड्रेनेजचं झाकण : रविवारी सह्या, सोमवारी निवेदन

सर्व सभासदांना नमस्कार,

बी विंगच्या गेटसमोरचं ड्रेनेजचं झाकण गाडी गेली की खणखणतं. पहाटे भाजीचे टेम्पो पंचवटीच्या मार्केट यार्डाकडे निघाले की पहिल्या मजल्यावरच्या आजी-आजोबांची झोप संपलीच. काल वाकून पाहिलं. एका कडेचं सिमेंट पूर्ण उखडलंय, चाक पडताच झाकण दोन बोटं उचलतं. मला आवाजापेक्षा याचीच धास्ती वाटते. पावसात ड्रेनेज तुंबून झाकण सरकलं, तर पाण्याखालचं भोक दुचाकीवाल्याला दिसणार नाही.

सोमवारी सकाळी ११ वाजता महापालिकेच्या विभागीय कार्यालयात निवेदन द्यायचं आहे.

• रविवारी संध्याकाळी ७ वाजता पार्किंगमध्ये सह्या. प्रत्येक फ्लॅटमधून एक जण तरी याच.
• आवाजाचा व्हिडिओ असल्यास सेक्रेटरींना पाठवा.
• मागणी एकच : वरवर सिमेंट थापू नये, चौकट काढून रस्त्याच्या पातळीत काँक्रीटमध्ये पक्की बसवावी.

काम झाल्यावर काँक्रीट पक्कं होईपर्यंत मागच्या गेटनेच ये-जा करा, बॅरिकेड हलवू नका. आणि कृपा करून झाकण स्वतः उचलू नका, आत विषारी वायू साचलेला असू शकतो. मुलांनाही तिथे खेळू देऊ नका.

– व्यवस्थापक समिती