मिदोरी इतोचे रौप्यपदक

सदाशिव पेठ,
पुणे

प्रिय मंजू,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. ऑलिंपिकचे सुवर्णपदक न मिळालेल्या मिदोरी इतोला, म्हणजे बर्फावर फिगर स्केटिंग करणाऱ्या त्या जपानी खेळाडूला, मी इतकी थोर का मानते, असे तू विचारले आहेस. फोनवर हे नीट सांगता आले नसते, म्हणून सविस्तर लिहिते.

नागोयात १९६९ साली जन्मलेली ही मुलगी उंचीने पाच फुटांहूनही कमी होती. १९८८ च्या कॅलगरी ऑलिंपिकमध्ये तिने मुक्त कार्यक्रमात, म्हणजे संगीतावरच्या दीर्घ सादरीकरणात, तिहेरी गिरक्यांच्या सात उड्या घेतल्या, प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवू लागले, आणि तरीही ती पाचवी आली. कारण तेव्हा ३० टक्के गुण सक्तीच्या आकृत्यांना असत आणि त्यांत ती दहावी होती. या आकृत्या म्हणजे काय, हे मला लेकीमुळे कळले. ती इथे चाकांच्या स्केट्सवर आर्टिस्टिक स्केटिंग शिकते, आणि रिंकवर रंगवलेल्या वर्तुळांच्या रेषेवरून एका पायावर, तोल न ढळू देता फिरण्याचा सराव तिला सतत करावा लागतो. ते अतिशय चिकाटीचे काम आहे, त्याला मी मुळीच कमी लेखत नाही. पण १९९० च्या हॅलिफॅक्स येथील जागतिक स्पर्धेत लघु (संगीतावरचा छोटा) आणि मुक्त असे दोन्ही कार्यक्रम जिंकूनही केवळ आकृत्यांमुळे इतोचे विजेतेपद हुकले, हे मला आजही सलते. त्या स्पर्धेनंतर आकृत्या वगळण्यात आल्या.

आता तिच्या गाजलेल्या उडीविषयी, ट्रिपल ॲक्सेलविषयी. बाकीच्या उड्या पाठमोऱ्या घेतात. ॲक्सेल तेवढी समोर तोंड करून घ्यायची आणि उतरायचे मात्र पाठमोरेच, म्हणून हवेत साडेतीन गिरक्या पुऱ्या कराव्या लागतात. स्पर्धेत ती यशस्वीपणे घेणारी पहिली स्त्री इतो, १९८८ मध्ये. पुढच्याच वर्षी पॅरिसला ती जगज्जेती झाली. फिगर स्केटिंगमध्ये हा मान मिळवणारी ती पहिली आशियाई.

१९९२ मध्ये अल्बर्टव्हिलच्या ऑलिंपिकमध्ये साऱ्या जपानचे डोळे तिच्याकडे लागले होते. लघु कार्यक्रमात तिने ॲक्सेल टाळून त्यामानाने सोपी उडी निवडली आणि नेमकी तिथेच ती पडली. मुक्त कार्यक्रमात पहिली ट्रिपल ॲक्सेलही फसली. अशा वेळी उरलेला कार्यक्रम सांभाळून पूर्ण करणे कोणीही शहाणपणाचे मानले असते; तिने मात्र शेवटाकडे, पाय थकलेले असताना, तीच उडी पुन्हा घेतली आणि साधली. ऑलिंपिकमध्ये हे करणारीही ती पहिलीच स्त्री. सुवर्ण अमेरिकेच्या क्रिस्टी यामागुचीला मिळाले, आणि ते योग्यच होते. इतोचे रौप्य हे जपानचे फिगर स्केटिंगमधले पहिले ऑलिंपिक पदक. तरीही तिने देशवासीयांची क्षमा मागितली, हे वाचून मला फार वाईट वाटले. पुढे १९९८ मध्ये नागानोची ऑलिंपिक ज्योत तिच्याच हातून प्रज्वलित झाली.

तिच्या प्रशिक्षिका माचिको यामादा यांच्याकडेच नागोयाची माओ आसादा लहानपणी शिकली, आणि २०१० मध्ये वँकुव्हरच्या ऑलिंपिकमध्ये तिने तीन ट्रिपल ॲक्सेल साधल्या. तिलाही रौप्यच मिळाले, मंजू. पण जी उडी एकेकाळी स्त्रियांच्या आवाक्याबाहेरची मानली जाई, ती आज लहान मुली शिकू पाहतात. माझ्या लेखी इतोची कमाई ही आहे.

सुट्टीत पुण्याला आलीस की कॅलगरीचे चित्रण दोघी मिळून पाहू. अल्बर्टव्हिलचे त्याआधी तू पाहून घे, आणि त्यानंतरही तुझे मत बदलले नाही, तर मला तसे निःसंकोच लिही.

तुझी,
सुधा