शासन निर्णय शेपटीकडून वाचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तालुक्याच्या गावी अभ्यासिकांच्या भिंतींवर सध्या ‘मिनिटाला हजार शब्द’ वाचायला शिकवणाऱ्या वर्गांची पत्रके दिसतात. स्पर्धा परीक्षेची मुले तिथे जातातच. आता ग्रामपंचायतीतले, सोसायटीतले, कृषी खात्यातले कर्मचारीही चौकशी करू लागले आहेत. त्यांची अडचण खरी आहे. शासन निर्णय, शुद्धिपत्रके, आढावा बैठकींची इतिवृत्ते असे काहीबाही दिवसभर मोबाइलवर पडत असते, आणि ‘आजच अहवाल सादर करावा’ ही ओळ त्यातच कुठेतरी दडलेली असते. ग्रामसेवकाच्या टेबलावर ‘ग्रामपंचायत अधिकारी’ अशी नवी पाटी आली, पण कागद काही कमी झाले नाहीत. मात्र त्या वर्गांत मिळते ते या दुखण्यावरचे औषध नव्हे. जे खरे औषध आहे त्याला फी लागत नाही.

आधी डोळ्याचे सांगतो. वाचताना डोळा ओळीवरून सरकत जात नाही. उडी मारतो, थांबतो, पुन्हा उडी मारतो. एक थांबा साधारण पाव सेकंदाचा, आणि अक्षर दिसते ते थांब्यातच. हात लांब करून अंगठा धरा. त्या नखाएवढी जागाच काय ती डोळ्याला अगदी स्पष्ट दिसते, भोवतालचे अंधूक. तेव्हा ‘एका नजरेत आख्खा परिच्छेद’ हा प्रकार सरावाने जमणारा नाही. अमेरिकेत एव्हलिन वूड यांनी १९५९ मध्ये असे वर्ग काढले, तेव्हापासून या दाव्याची तपासणी चालू आहे. वाचनाचे संशोधक कीथ रेनर आणि सहकाऱ्यांनी घेतलेला सगळ्या संशोधनाचा आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. वेग दुप्पट-तिप्पट केला की समज घटते, हा त्याचा निष्कर्ष. मानसशास्त्रज्ञ मार्क ब्रिसबार्ट यांनी २०१९ मध्ये १९० अभ्यास एकत्र करून मोठ्या माणसांचा इंग्रजी माहितीपर मजकूर वाचण्याचा सरासरी वेग काढला, तो मिनिटाला २३८ शब्द. हा आकडाही मराठीला जसाच्या तसा लावू नये. ‘शेतकऱ्यांकडूनही’ या आपल्या एका शब्दात इंग्रजीचे चार शब्द मावतात.

मनातल्या मनात उच्चार होतो तो दाबून टाका, असेही हे वर्ग सांगतात. ओठ हलत असतील तर ते जरूर थांबवावे, कारण मग वाचनाला बोलण्यापेक्षा जास्त गती येत नाही. पण आतला आवाज मारून टाकला तर अवघड वाक्याचा अर्थ हातून निसटतो. मागे वळून बघण्याचेही तसेच. सरावलेला वाचकसुद्धा दर आठ-दहा उड्यांमागे एखादी उडी मागे घेतो आणि तिथे अर्थ दुरुस्त करून घेतो. वाचलेल्या ओळी कागदाने झाकत जाण्याची युक्ती म्हणूनच उलटी पडते. पट्टी ठेवायचीच तर ओळीच्या खाली ठेवावी, वर नाही.

मग वेळ वाचतो कुठे? जे वाचायचे नाही ते सोडण्यात, आणि जिथे थांबायचे तिथे निवांत थांबण्यात. कापूस एका वेच्यात निघत नाही, तसा शासन निर्णयही एका वेच्यात निघत नाही. दोन-तीन वेचे करावे लागतात, आणि पहिला वेचा दोन मिनिटांचा असतो.

पहिल्या वेच्यात मजकूर वाचायचाच नाही. वरचा विषय आणि दिनांक बघा, मग थेट शेवटच्या पानावर जा. तिथे १८ अंकी संकेतांक असतो; त्याचे पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना, दिवस. ग्रुपवर फिरणारी पीडीएफ ताजी की शिळी, हे तिथे पाच सेकंदांत कळते. त्याखाली ‘प्रत’, म्हणजे कागद कोणाकोणाला पाठवला त्याची यादी, असते. तिच्यात आपले पदनाम किंवा आपल्या वरिष्ठांचे पदनाम शोधा. ‘माहितीस्तव’ असेल तर कागद संध्याकाळपर्यंत थांबू शकतो; ‘आवश्यक कार्यवाहीस्तव’ असेल तर नाही. मग मागे येऊन ‘वाचा’ या मथळ्याखालच्या जुन्या निर्णयांचे दिनांक बघा, आणि ‘अधिक्रमित’ (नव्या निर्णयाने रद्द झालेला), ‘शुद्धिपत्रक’, ‘सुधारणा’ यांपैकी एखादा शब्द आहे का ते पाहा. मेलेला कागद कितीही झरझर वाचला तरी उपयोग नाही. पीक विम्याचेच घ्या. १ रुपयात विमा ही सोय खरीप २०२३ पासून होती, ती खरीप २०२५ पासून गेली. तरी २०२३ ची पत्रे फिरत राहतात. नव्या नियमातही शेतकऱ्याच्या हप्त्याबद्दल ‘खरीप २ टक्के’ एवढे वाचून डोळा पुढे गेला तर चूक ठरलेली. सोयाबीन-तुरीला कमाल २ टक्के, पण कापूस नगदी पिकांत मोडतो आणि तिथे मर्यादा ‘५ टक्क्यांपर्यंत’ आहे. त्या ‘पर्यंत’लाही अर्थ आहे.

दुसऱ्या वेच्यात प्रस्तावना बहुधा सोडून द्यावी. तिच्यात पूर्वपीठिका असते आणि ती ‘…ही बाब शासनाच्या विचाराधीन होती’ अशा ठेवणीतल्या वाक्यावर संपते. ते वाक्य दिसले की त्याच्या खाली ‘शासन निर्णय’ हा मथळा आलाच. खरे वाचन तिथून सुरू.

इथेच इंग्रजी पुस्तकांतली युक्ती आपल्याला दगा देते. परिच्छेदाचे पहिले वाक्य आणि वाक्याचे पहिले शब्द वाचा, असे ती पुस्तके सांगतात. इंग्रजीत ते चालते, कारण क्रियापद आणि नकार लवकर येतो. मराठीत क्रियापद शेवटी आणि नकार त्याच्याही शेवटी. नमुन्यादाखल रचलेले हे वाक्य बघा: ‘ज्या लाभार्थ्यांनी यापूर्वी याच घटकासाठी केंद्र अथवा राज्य शासनाच्या अन्य कोणत्याही योजनेतून लाभ घेतला आहे अशा लाभार्थ्यांना, कुटुंब विभक्त होऊन स्वतंत्र शिधापत्रिका मिळाली असल्याची प्रकरणे वगळता, सदर अनुदान अनुज्ञेय राहणार नाही.’ एकतीस शब्द, आणि नकार एकतिसावा. घाईत वाचणाऱ्याच्या डोक्यात ‘लाभार्थी… योजना… लाभ… अनुदान’ एवढेच उरते आणि तो दारात आलेल्या माणसाला ‘मिळते’ म्हणून सांगून मोकळा होतो.

असे वाक्य शेपटीकडून सोडवावे. पूर्णविरामाच्या आधीचे तीन शब्द आधी वाचा: ‘अनुज्ञेय राहणार नाही’, म्हणजे मिळणार नाही. काय? ‘सदर अनुदान’. कोणाला? ‘अशा लाभार्थ्यांना’. अशा म्हणजे कशा? आता ‘ज्या’पासून वाचत या. मधे ‘वगळता’ भेटले की पेन्सिलीने गोल करा, कारण नकारातून वगळलेला माणूस पात्र ठरतो, आणि तोच बहुधा आपल्यासमोर उभा असतो. सुरुवातीला हे उलटे वाचणे संथ वाटते. आठ-दहा दिवसांत डोळा आपोआप शेवटाला जाऊन येऊ लागतो, आणि तेच वाक्य तीनदा वाचण्याची वेळ येत नाही. ‘पूर्वपरवानगीशिवाय खर्च करता येणार नाही’ अशा दुहेरी नकाराच्या वाक्याला शेजारी सरळ मराठी लिहून ठेवावे: आधी परवानगी, मग खर्च.

गोल करायचे शब्द तसे थोडेच आहेत. परंतु, तथापि, वगळता, अधीन राहून, यथास्थिती, यांपैकी जे आधी घडेल ते. ‘व’ आणि ‘किंवा’ यांवरही थांबावे; तीन कागद ‘व’ने जोडले असतील तर तिन्ही लागतात. पैशाच्या परिच्छेदात ‘मंजूर’ आणि ‘वितरित’ यांत गल्लत झाली की सरपंच ग्रामसभेत पैसा आला म्हणून सांगतात आणि खात्यात काहीच नसते. मुदतीचा शब्दही सावकाश वाचावा. माहिती अधिकारात उत्तराला ३० दिवस हे सगळ्यांना पाठ असते. पण अर्ज दुसऱ्या कार्यालयाचा असेल तर तो कलम ६(३) प्रमाणे ५ दिवसांत तिकडे पाठवायचा असतो, ही ओळ नेमकी नजरेतून सुटते.

तिसरा वेचा परिशिष्टाचा. तक्त्यात आधी उजवा वरचा कोपरा बघा. ‘रु. लाखात’ की ‘रु. हजारात’ हे तिथे बारीक अक्षरात असते आणि ते न बघता केलेली बेरीज शंभर पटीने चुकते. मग रकान्यांचे मथळे, मग आपल्या तालुक्याची ओळ. क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते आणि गावात हिशेब एकराचा. १ हेक्टर म्हणजे १०० आर, सुमारे अडीच एकर.

पीडीएफमध्ये शब्द शोधताना पूर्ण शब्द टाकू नये, मराठी शब्द विभक्तीत बदलतो. ‘शेतकरी’ टाकले तर ‘शेतकऱ्यांना’ सापडत नाही, ‘शेतक’ टाकावे. ‘हप्ता’ऐवजी ‘हप्त’. आणि पान स्कॅन केलेले असेल किंवा जुन्या फॉन्टमधले असेल तर शोध लागतच नाही. म्हणून ‘सापडले नाही’ याचा अर्थ ‘कागदात नाही’ असा कधीच घेऊ नये.

आपला वेग खरोखर वाढला का, हे मोजता येते. ६०० शब्दांचा अनोळखी मजकूर घ्या (एका ओळीतले सरासरी शब्द गुणिले ओळी), घड्याळ लावून वाचा, कागद उलटा ठेवा आणि पाच प्रश्नांची उत्तरे लिहा: कोणी, काय, किती, कधीपर्यंत, अपवाद कोणता. ४ मिनिटे लागली म्हणजे मिनिटाला १५० शब्द. पाचपैकी चार बरोबर, तर कामाचा वेग १५० चे चार पंचमांश, म्हणजे १२०. महिनाभराने वेग १७० झाला पण उत्तरे दोनच बरोबर आली, तर कामाचा वेग ६८. वर्गांच्या प्रमाणपत्रावर १७० छापून येईल, ही गोष्ट वेगळी. आठवड्यातून एकदा मोजले तरी पुरे. अडखळण्याचे मोठे कारण न कळणारे शब्द हे असते, म्हणून ‘लेखाशीर्ष’, ‘कार्योत्तर मंजुरी’, ‘पुनर्विनियोजन’ यांसारखे चाळीस-पन्नास शब्द एका वहीत अर्थासह उतरवावेत. वेग त्यातून जितका वाढतो तितका डोळ्यांच्या कोणत्याही कसरतीने वाढत नाही.

एक कारण मात्र वाचनाच्या बाहेरचे आहे. चाळिशीनंतर जवळचे दिसणे कमी होते आणि आपल्याकडे आठवडी बाजारातला चष्मा डोळ्याला लावून बघून घेतात. दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा असेलच असे नाही. दुपारनंतर डोके दुखते, ओळ सुटते, आणि माणूस समजतो की आपले वाचन मंद आहे. आधी नंबर काढून घ्यावा.

वाचणाऱ्याने एवढे केले तरी पाठवणाराही काही देणे लागतो. पंचायत समितीने आणि जिल्हा परिषदेने पत्राच्या माथ्यावर चार ओळी टाकाव्यात: कृती कोणी करायची, कोणत्या नमुन्यात, कोणत्या तारखेपर्यंत, आणि आधीचे कोणते पत्र रद्द. झेरॉक्सचा मोबाइलवर काढलेला तिरपा फोटो पाठवण्याऐवजी मूळ पीडीएफ पाठवावी. आणि आपल्या दैनिकाला एक विनंती. ‘शासनाचा मोठा निर्णय’ अशी बातमी छापताना तिच्याखाली निर्णयाचा दिनांक आणि तो १८ अंकी संकेतांक द्यावा. एका ओळीची जागा लागेल.

आपला,
ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांचा एक निवृत्त प्रशिक्षक
आर्णी, जि. यवतमाळ