डॉक्टरेट हवी, पण आडतीत उतरणारी

संपादक महोदय,

लातूरच्या एका डाळमिलमध्ये १७ वर्षे खरेदी सांभाळल्यावर मी ‘डीबीए’ची, म्हणजे व्यवसाय प्रशासनातल्या उपयोजित डॉक्टरेटची चौकशी सुरू केली. पीएचडीचा भर सिद्धांतावर असतो. डीबीएत आपल्याच धंद्यात अडलेला प्रश्न संशोधनाच्या शिस्तीने सोडवायचा. माझा प्रश्न तुरीचा आहे. मोठी आवक जानेवारी ते मार्चमध्ये, मिल मात्र बारा महिने चालवायची. माल तेव्हाच भरावा तर व्याज अंगावर बसते, थांबावे तर भाव हातचा जातो. जुन्या खरेदीवह्या कपाटभर आहेत, त्या कुणीतरी नीट वाचायला हव्यात.

फोनवरच्या समुपदेशकाला तुरीत रस नव्हता. परदेशी विद्यापीठ, सगळे ऑनलाइन, नावाआधी ‘डॉ.’ आणि हप्त्यांची सोय! मान्यतेचे विचारले, तर म्हणे, ‘सर, आजच सीट बुक करा.’ एडटेक म्हणजे ऑनलाइन शिक्षण विकणाऱ्या कंपन्यांनी परदेशी संस्थांसोबत चालवलेल्या ऑनलाइन पीएचडीला मान्यता नाही, असे यूजीसी आणि एआयसीटीई या उच्च व तंत्र शिक्षणाच्या नियामक संस्थांनी ऑक्टोबर २०२२ मध्येच बजावले आहे. डीबीएवाल्यांनाही मान्यतेचा कागद लेखी मागावा. प्राध्यापकीच्या आशेने प्रवेश घेणाऱ्यांनी तर नक्कीच.

छत्रपती संभाजीनगर आणि नांदेडच्या विद्यापीठांनी नोकरदारांसाठी असे उपयोजित संशोधन शनिवार-रविवारी का चालवू नये? जालन्याचे पोलाद, वाळूजचे वाहनांचे सुटे भाग, आमची डाळ, विषयांना तोटा नाही. मार्गदर्शकांनी हंगामात एकदा आडतीत येऊन उभे राहावे. चहा माझ्याकडे.

– एक वाचक, लातूर