आई, बाळंतपणाला मी येत नाहीये

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर सांगितलं असतं तर आई रडली असती, मग मी. म्हणून लिहितेय. बाळंतपण पुण्यातच करायचं ठरवलंय. बाबा, तुम्ही मागची खोली रंगवून घेतलीत, दादाकडून कळलं. रागावू नका.

सव्विसाव्या आठवड्यात ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी प्यायला दिलं. नुसता पाक! दोन तास बाकावर मळमळत बसले. साखर १४० च्या आत हवी होती, १५८ आली. म्हणजे गरोदरपणातला मधुमेह. सुरुवातीला ठीक होती, पण नंतर वारेतली हार्मोन्स इन्सुलिनला नीट काम करू देत नाहीत.

बाबा, ‘माझ्यामुळे झालं’ असं मनातही आणू नका. तुमचा मधुमेह हे एक कारण झालं. माझं तेहतिसावं वर्ष, कॉलेजपासूनचा पीसीओडी, म्हणजे तो पाळीचा-हार्मोन्सचा त्रास, लग्नानंतर चढलेलं वजन, हे सगळं माझंच की. शिवाय आपल्या भारतीयांना हा धोका मुळातच जास्त.

सोलापुरात चांगले डॉक्टर नाहीत असं नाही हं. पण आता मध्येच डॉक्टर बदलायला नको, आणि एप्रिलचं तिथलं ऊन! खरं सांगू? आईनं ताट वाढलं की मला नाही म्हणता येत नाही. इथे ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी सगळं मिळतं, फक्त मोजून. जेवणानंतर चालते, झोपही होते.

बोटाला टोचून साखर बघायची असते. पहिल्यांदा टोचताना आपली गड्ड्याची जत्रा आठवली. बाबांच्या खांद्यावरून मिरवणुकीतले उंच नंदीध्वज बघताना मी त्यांचे कान गच्च धरायचे. इथे धरायला कान नव्हते.

आई, आता तुझं. दादा सव्वाचार किलोचा झाला म्हणून तू अजून कौतुकानं सांगतेस. डॉक्टर म्हणाल्या, चार किलोवरचं बाळ असेल तर आईची साखर तेव्हा वाढलेली असू शकते, आणि अशा बायकांना पुढे मधुमेह होण्याची शक्यता जास्त. तुझी तेव्हा कुणी तपासलीच नसेल. तर सोमवारी चहा न घेता बाबांबरोबर जायचं आणि रक्त द्यायचं. ‘मला काय धाड भरलीय’ चालणार नाही. बाबा, रिपोर्टचा फोटो पाठवायचं काम तुमचं.

डोहाळजेवणाला सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं दोघंही या. डिंकाचे लाडू मात्र आणू नका.

बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी माझी साखर परत तपासतील. ते झालं की बाळाला घेऊन येतेच, त्याच खोलीत. रंग कोणता दिलाय?

तुमची,
चिमी