परकराच्या नाडीचं काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला कोलोस्टोमीवरचा (मोठ्या आतड्याचं तोंड पोटावर काढून शौच पिशवीत घेतात, त्या ऑपरेशनवरचा) डॉक्टरांचा लेख वाचला. सकारात्मक राहा, फिरायला जा, छंद जोपासा. बरं. गेली चार वर्षं मी पोटाला पिशवी लावून हेच करते आहे. डॉक्टरसाहेबांचा अधिकार मोठा, पण त्यांनी कधी साडी नेसली आहे का?

माझा स्टोमा, म्हणजे पोटावर काढलेलं आतड्याचं ते तोंड, नेमका परकराच्या नाडीखाली आला आहे. ऑपरेशनआधी मला खुर्चीत बसवून, उभं करून, वाकायला लावून पोटावर पेनाने खूण करायला हवी होती. कुणी केली नाही. टेबलावर आडवी असतानाच जागा ठरली. आडव्या पोटाला वळ्या नसतात हो! उठून बसलं की तिथेच वळी पडते, फ्लँज (पिशवी कातडीला धरून ठेवणारी चिकट चकती) एका कडेने सुटतो, आणि पुढचं तुम्ही छापणार नाही. भाचीच्या लग्नात अक्षता पडत होत्या तेव्हा मी कार्यालयाच्या संडासात पदर दातांत धरून उभी होते. एका हातात नवी पिशवी, दुसऱ्यात ओला फडका, आणि दाराला साधी खुंटी नाही.

दोन वर्षांनी परळला टाटा हॉस्पिटलच्या स्टोमा क्लिनिकमध्ये गेले. नर्सबाईंचा पहिलाच प्रश्न, "परकर कुठे बांधता?" मला रडूच आलं. ऑपरेशननंतर दीड-दोन महिन्यांत स्टोमा आक्रसतो, म्हणून पुन्हा माप घेऊन फ्लँजचं भोक त्याच्यापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठं कापायचं, हे त्यांनी दाखवलं. मी आपली पहिल्या दिवशीच्या मापानेच कापत होते. उघड्या राहिलेल्या कातडीची सालटी निघत, त्यावर मी खोबरेल चोपडायची, आणि तेलकट कातडीवर फ्लँज टिकत नाही म्हणून कंपनीला शिव्या द्यायची. धुवायला नुसतं साधं पाणी, कोरडं टिपणं, आणि पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करणं. एवढं लिहायला लेखात चार ओळी पुरल्या असत्या. छंदांना मात्र अर्धा कॉलम!

शिवाय 'आहारासाठी पान ४ पाहा' म्हणून पान ४ उघडलं, तर तिथे गादीची पानभर जाहिरात. कांदा-लसणाने वास वाढतो, ताकाने मला तरी बरं पडतं, हे आता मीच सांगते.

कृपया नाव छापू नये. आमच्या बिल्डिंगमध्ये तुमचाच पेपर येतो, आणि खालच्या वहिनींना मी हर्निया सांगितलं आहे.

– एक वाचक, सातारा